उपसा

हिल्त्येच्या दारापुढे तीन पायऱ्या आहेत.
एक आज्यानं घातलेली, दुसरी बापानं,
तिसरी तिनं स्वतः, कंबर धरून.
घर काही उंच झालं नाही.
अंगण खाली गेलंय.

फ्रीसलँडच्या या कोपऱ्यात
कालवा कुरणाच्या वरून वाहतो.
नाव निघाली की
गायींच्या पाठीवरून चालल्यासारखी दिसते.
पहिल्या दिवशी मला हसू आलं.
तिला नाही.

एकोणचाळीस वर्षं ती पंपघर सांभाळते.
मी विचारलं, तुमची जमीन कुठून कुठवर?
वाटलं, नकाशावर बोट ठेवील.
तिनं हात पुसले, मान पंपघराकडे कलती केली,
म्हणाली, "ऐक."
घूंऽऽ
"एवढी."

शाळेत आम्हाला नाम आधी शिकवलं,
क्रियापद मागाहून, वाक्याच्या शेपटाला.
आधी गाय, मग तिचं चरणं.
आधी वारा, मग त्याचं वाहणं.
गायीचं ठीक आहे.
पण न वाहणारा वारा
कुठल्या फडताळात ठेवतात?

जानेवारीत एका रात्री वीज गेली.
हिल्त्ये जागी झाली
आवाज थांबल्यानं.
रात्रीच्या झग्यावर गमबूट चढवून
विजेरी दातांत धरून पळाली.
मी मागे, एक मोजा उलटा.
चाऱ्यांतलं पाणी बोटभर चढलं होतं,
अजिबात घाई नाही,
स्वतःचीच वस्तू परत मागायला आलेल्या
शेजाऱ्यासारखं, दाराशी, बूट काढून.

जुनं डिझेल इंजिन, लोखंडी हँडल.
वीब्रन आला, कुत्र्यासकट.
एकदा फिरवलं: खोकलं.
दुसऱ्यांदा: काहीच नाही, वीब्रनची एक शिवी.
तिसऱ्यांदा सुरू झालं,
आणि कुरण, गोठा, चर्चचा तिरपा मनोरा,
आम्ही तिघं आणि कुत्रा
पुन्हा असायला लागलो.

'आहे' हेही क्रियापदच की!
इतकी वर्षं मी ते आरामखुर्चीत बसलेलं समजत होतो.
ते तर गुडघाभर पाण्यात उभं राहून
रात्रंदिवस उपसत होतं.

मग उजाडलं.
कोण उजाडलं?
माझ्या भाषेत इथं कर्ता लागत नाही.
उजाडलं, सांजावलं, गडगडलं:
नुसतं होणं, मागे कुणी मालक नाही.
मोडक्यातोडक्या डचमध्ये मी हे तिला समजावलं,
जरा फुशारकीनंच.
"डिझेल वीब्रनचं होतं," ती म्हणाली.
"पैसे द्यायला कर्ता लागतो."

आणि कॉफी ओतता ओतता, सहज,
तिनं दुसरी गोष्ट सांगितली.
खालची माती म्हणजे पीट,
हजारो वर्षांचं न कुजलेलं गवत.
पाण्यात आहे तोवर टिकतं.
उपसलं की वाळतं,
वाळलं की हवेत विरतं,
जमीन बसते, वर्षाला करंगळीच्या नखाएवढी,
मग आणखी खोलून उपसायचं.
"म्हणजे तुम्ही उपसता म्हणून ती आहे,"
मी म्हटलं, "आणि तुम्ही उपसता म्हणूनच..."
वाक्य संपवायला क्रियापद हवं होतं.
तिनं साखरेचा डबा पुढे केला.

भिंतीला टेकून एक फरशी उभी आहे,
चौथ्या पायरीची. कडा घासून ठेवलेल्या.
हिल्त्येला मूलबाळ नाही.
कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

निघालो तेव्हा धुकं होतं.
एक, दोन, तीन.
तिसरीवरून पाय खाली टाकताना
तो मध्येच थांबला, माझा माझ्यावरच विश्वास बसेना,
आणि मी कान दिला.

घूंऽऽ

मग टेकवला.